अडीच रियालचा गुलाब

नसरा मावशी दुकानात आली तेव्हा शाळेच्या बसचं पिवळं जाकीट तिच्या अंगात तसंच होतं. सोमवार होता आणि सकाळचे अकरा वाजले होते. सकाळची फेरी सात वाजता संपते आणि परतीची दीड वाजता असते, त्यामुळे या वेळी ती घरी मासे साफ करत असायची. दुकानात ती कधीच यायची नाही. तिचा मुलगा याकूबच यायचा.

काउंटरला धरून ती उभी राहिली. डोक्यावरचा रुमाल एका बाजूला सरकला होता.

"रय्या, ते निघालेत," ती म्हणाली.

"कोण?"

"इब्राहून निघालेत. आमच्या विहीणबाईचा, झुवैनाचा फोन आला मघाशी. ती, तिची बहीण, आणि गाडी चालवायला मुलगा. दुपारच्या असरच्या नमाजापर्यंत पोचतो म्हणाली. आज गं, आज!"

"पण अहलामची मुदत शुक्रवारी संपतेय ना? तूच म्हणाली होतीस."

तिने खिशातून घडी घातलेला कागद काढून माझ्यापुढे ठेवला. शाळेच्या कॅलेंडरचं पान होतं ते, बसच्या वेळापत्रकासोबत दरवर्षी मिळतं तेच. शुक्रवारभोवती निळ्या पेनाने गोल केलेला होता. गोल इतक्या वेळा गिरवला होता की कागद तिथे फाटायला आला होता.

"मी यावर मोजलं," ती म्हणाली. "जूनपासून चार महिने आणि दहा दिवस. शुक्रवार येतो. आणि झुवैना काय म्हणते? म्हणते, याकूबची आई, चंद्राचे महिने मोजायचे असतात, शाळेचे नाही."

आमच्याकडे कुठल्याही बाईला विचारा, विधवेची मुदत, म्हणजे अत्तर-साजाशिवाय घरात बसण्याचे चार महिने दहा दिवस, चंद्राच्या महिन्यांनी मोजतात हे तिला माहीत असतं. नसरा मावशीलाही माहीत होतं. तिच्या स्वतःच्या नवऱ्याच्या वेळी तिने ती मोजलीच होती, तेव्हा ती सव्वीस वर्षांची होती आणि याकूब अंगावर पीत होता. याकूब गेला त्याच संध्याकाळी नवी चंद्रकोर दिसली होती, म्हणजे मोजणं अगदीच सोपं होतं. तरी तिने स्वयंपाकघरात टांगलेलं शाळेचं कॅलेंडर धरलं. त्या कॅलेंडरने तिला चार दिवस जास्त दिले, आणि तिने ते मुकाट्याने घेतले. कुणाशी बोलली असती तर कुणीही चूक दाखवली असती. म्हणून ती बोलली नव्हती.

आता ते चार दिवस गेले होते.

"त्या चार दिवसांत मी तिच्याशी बोलणार होते," मावशी म्हणाली. "नीट बसून. बुधवारी मी रजा टाकली होती. काय बोलायचं तेसुद्धा ठरवलं होतं. आता कधी बोलू? त्यांना कॉफी ओतता ओतता?"

याकूब आतल्या वाळवंटातल्या गॅस प्रकल्पावर कामाला होता. दोन आठवडे तिकडे, दोन आठवडे घरी. जूनमध्ये एका पहाटे घरी येताना गाडीपुढे उंट आडवा आला. एवढंच झालं. मागे राहिली त्याची बायको अहलाम, चार वर्षांची लुजैन आणि आई. मुलगी आईबरोबरच जाणार, त्यात वाद नव्हता. मुदत संपली की अहलाम मोकळी. तिच्या माहेरचे येणार, तिला न्हाऊ घालणार, अत्तर लावणार आणि घेऊन जाणार, असं अख्ख्या गल्लीने गृहीत धरलं होतं. तिकडे इब्रात तिच्यासाठी कुणी तरी बघूनही ठेवलाय, असंही कानावर आलं होतं. नसरा मावशीला बहीण नाही, भाऊ नाही. एकोणीस वर्षं ती दुसऱ्यांच्या मुली बसमध्ये चढवते-उतरवते. घरी परतल्यावर तिच्या अंगावर धावत येणारी मुलगी ही एकच.

"अत्तर मी देणार आहे," मावशी म्हणाली. "तिच्या आईने आणलेलं नाही लावू देणार. माझ्या घरात बसली ती चार महिने, माझ्या हातचं लावून उठेल. दाखव."

"कुठलं दाखवू?"

"दोन आहेत ना तुझ्याकडे. मोठ्या नावांसारखा वास येणारी. एक याकूब न्यायचा ते, आणि दुसरं ते पांढरं."

आमचं दुकान म्हणजे माझा भाऊ मुहन्ना याचं दुकान. कॉलेजात रसायनशास्त्र शिकून नोकरी लागेपर्यंत मी तिथे बसत होते. पॅरिसच्या बड्या नावांच्या नकला आम्ही विकतो, आणि तसं लपवतही नाही. काचेखाली चिठ्ठी असते, अमुक अत्तरासारखं. मी दोन्ही बाटल्या पुढे ठेवल्या. गुलाबी टोपणाची 'वर्दा' गुलाबाची, पांढऱ्या टोपणाची 'फुल्ल' मोगऱ्याची. दोन्ही अडीच-अडीच रियालच्या.

कागदाच्या दोन पट्ट्यांवर मी एकेक फवारा मारला आणि हातात दिल्या. तिने त्या झटकल्या नाहीत, फुंकर घातली नाही, तशाच नाकाला लावल्या आणि तिला ठसका लागला.

"थांब, आधी स्पिरिट उडू दे," मी म्हणाले. "लगेच हुंगलं तर नुसतं स्पिरिटच येतं नाकात. दोन मिनिटांनी फूल येतं."

"दोन मिनिटं आहेत कुणाकडे?"

तरी ती थांबली. पंख्याखाली दोन्ही पट्ट्या धरून उभी राहिली. मग गुलाबाची पट्टी तिने नाकाशी नेली आणि तिचा चेहरा असा झाला की मी बाटल्या पुसायचं निमित्त करून मान खाली घातली.

"याकूब आला घरात," ती हळूच म्हणाली. "गाडीचा आवाज यायच्या आधी हा वास यायचा. तो निघाला असा फोन आला की अहलाम आंघोळ करून हेच लावायची. एरवी नाही. उगाच संपेल म्हणायची."

"मला माहीत आहे. याकूब इथे येऊन सांगायचा, दुसरं काही देऊ नकोस, नाहीतर मला वाटेल मी चुकून शेजाऱ्याच्या घरात शिरलो."

ती हसली आणि लगेच थांबली.

"हे लावलं तर तिला तो आठवेल," ती म्हणाली. "आठवला तर पाय निघणार नाही तिचा. नाही का? ज्या घरात तो होता त्या घरातून कशी जाईल?"

"हो."

"आणि समजा रडायलाच लागली तर? झुवैनाला तेच पाहिजे. म्हणेल, बघा, इथे ठेवली तर माझी पोर रडून रडून वाळून जाईल. उचलेल आणि घेऊन जाईल."

"मग मोगरा दे."

"मोगरा दे!" ती माझ्यावर खेकसली. "मोगरा दिला म्हणजे काय झालं? मीच तिला सांगितलं की माझ्या मुलाला विसर. नवा वास, नवं घर, नवा माणूस. मी माझ्या हाताने दार उघडून दिलं. असं नाही का होत?"

तिने दोन्ही पट्ट्या पुन्हा हुंगल्या. मग त्यांची अदलाबदल झाली आणि कुठली कुठली तेच तिला कळेना, तेव्हा तिने त्या काउंटरवर टाकल्या आणि कपाळ हातात धरलं. तिच्या नखांत अजून सकाळच्या माशाचा खवला होता.

"तू शिकलेली आहेस," ती म्हणाली. "तू सांग. कुठलं घेऊ?"

"मावशी, यात शिक्षणाचं काय..."

"सांग गं बाई! कुठलं चांगलं?"

आणि मी सांगितलं. प्रयोगशाळेत विचारल्यावर सांगावं तसं सांगितलं. या दोन्ही नकलांचं फूल वरवरचं असतं, खऱ्याइतकंच छान येतं पण अर्ध्या-पाऊण तासात उडतं. मोगऱ्याखाली फारसं काहीच नाही, दोन तासांत तो संपतो. गुलाबाखाली मात्र भरपूर कृत्रिम कस्तुरी घातलेली आहे. ती कापडाला धरली की दोन-तीन दिवस जात नाही, धुतलं तरी मागे राहते.

"म्हणजे हा टिकतो?"

"टिकतो."

"दोन-तीन दिवस?"

"कपड्यांवर, हो."

तिने जणू शेवटची दोरी हाती लागावी तसा तो शब्द पकडला. "मग हाच. ती इब्राला गेलीच तर तिथेही हा वास येईल. बाकी काही नाही तर हा तरी ओढून आणेल तिला."

पैसे देऊन ती दारापर्यंत गेली आणि परत फिरली. "संध्याकाळी तू ये. तिकडून तिघं येतायत. माझ्या बाजूने एक तरी बाई बसलेली दिसू दे."

*

मी गेले तेव्हा माहेरची माणसं आलेली होती. मुलगा बाहेर गाडीतच बसून राहिला होता. बायकांच्या खोलीत झुवैना आणि तिची बहीण भिंतीला टेकून गाद्यांवर बसल्या होत्या. मधे खजूर, हलवा, गहू आणि मांस शिजवून केलेल्या हरीसचं मोठं ताट. अहलाम आत न्हात होती. लुजैन खोलीभर पळत होती, आजीच्या मांडीवरून उठून मावशआजीच्या मांडीवर, तिथून माझ्याकडे.

मी डोळ्यांनी सामान शोधलं. दारामागे एकच लहान बॅग होती. मला जरा बरं वाटलं. कायमची जाणारी बाई एवढ्याशा बॅगेत मावत नाही.

नसरा मावशी कॉफी ओतत होती. डाव्या हातात किटली, उजव्या हातात लहान पेले. झुवैनाने पेला हलवून पुरे म्हटलं, तरी हिने भरला. बहिणीने हलवला, तरी भरला.

"याकूबची आई, मी पेला हलवला," झुवैना म्हणाली.

"हात थरथरला असेल. प्रवासातून आलीस."

"अगं, हात नाही थरथरत माझा, पोट फुटायला आलंय. किती कॉफी पाजणार? आज झोप घ्यायची आहे की नाही आम्हाला?"

"झोपा की इथेच. गाद्या आहेत चार."

"इथे झोपलो तर तिकडे बकऱ्यांना काय तू पाणी पाजणार?"

बहीण हसली, मीही हसले. मावशीने हलव्याचं ताट पुढे सरकवलं. नमाज उरकून पाऊण तास झाला होता. मावशी काय करतेय ते मला कळत होतं, आणि झुवैनालाही. पाहुण्यांपुढे एकदा अत्तर फिरलं की बैठक संपली. त्यानंतर कुणी बसत नाही. म्हणून वर्दाची बाटली स्वयंपाकघरात फळीवर होती आणि मावशी तिकडे फिरकत नव्हती.

"लुजैनचं नाव मी इथल्या बालवाडीत घातलंय," ती मधेच म्हणाली.

"इब्रात पण बालवाडी आहे," झुवैना म्हणाली.

"आमच्या बसच्या रस्त्यावर आहे ती. रोज माझ्याबरोबरच येईल-जाईल. दुसऱ्या कुणाच्या हातात द्यायला नको."

"तिकडे तिचे दोन मामा आहेत."

"मामांना गाड्या धुवायला वेळ मिळतो का ते आधी बघ. बाहेर उभी आहे ती बघितली मी. आरशावर पक्ष्याने घरटं बांधलं तरी कळायचं नाही."

"कसली जीभ आहे गं तुझी!" झुवैना म्हणाली, पण तिला राग आला नव्हता. मग तिने मावशीचा हात धरून तिला खाली बसवलं. आवाज उतरवून म्हणाली, "ऐक. मला कळत नाही असं समजू नकोस. पण ती सत्तावीस वर्षांची आहे. तू आणि मी सत्तावीस वर्षांच्या होतो तेव्हा काय होतं ते आठव."

"मी सत्तावीस वर्षांची होते तेव्हा एकटी होते," मावशी म्हणाली. "मला माहीत आहे. मी राहिले एकटी. म्हणून तर सांगते, मला आता जमणार नाही. एकदा केलं, तेव्हा तो होता मांडीवर. आता काय आहे?"

लुजैनने खजूर माझ्या तोंडात कोंबला.

तेवढ्यात अहलाम बाहेर आली. ओले केस, अंगात हिरवा नवा झगा. चार महिन्यांत ती किती साधी दिसायला लागली होती ते तो हिरवा रंग बघून कळलं. तिच्या मुदतीत त्या घरात धूप जळला नव्हता. साबणसुद्धा बिनवासाचा होता, मीच दुकानातून शोधून दिलेला. आईने उठून तिचं कपाळ चुंबलं, मावशीने चुंबलं, मी चुंबलं. अहलाम सासूजवळ जाऊन बसली, आईजवळ नाही. मावशीने ते पाहिलं. मीही पाहिलं.

"चला, अत्तर आण आता," झुवैना म्हणाली. "पोरीला लावू दे. आणलंयस ना? की मी काढू माझ्या पिशवीतलं?"

"तुझं राहू दे पिशवीत." मावशी उठली. गुडघ्यावर हात ठेवून, सावकाश.

ती स्वयंपाकघरात गेली आणि बराच वेळ आली नाही. मी मागे गेले. बाटली हातात घेऊन ती फळीपुढे उभी होती.

"मोगरा घेतला असता तर?" ती पुटपुटली.

"मावशी, आता चल."

"ती माझ्याजवळ बसली. बघितलंस? राहायची असेल का तिला? विचारू का आधी?"

"विचार."

"आणि नाही म्हणाली तर? सगळ्यांसमोर?"

ती विचारायला घाबरली. बाटलीवर मात्र तिचा भरवसा होता. ताटात बाटली ठेवून ती बाहेर आली आणि अहलामच्या पुढे गुडघे टेकून बसली. टोपण उघडलं. मी ताट धरलं. तिने अहलामच्या मानेवर डावीकडे फवारा मारला, उजवीकडे मारला, मग मनगटांवर, मग झग्याच्या पुढच्या बाजूला, मग ओल्या केसांवर. जास्तच मारलं. तिच्या स्वतःच्या हातांवरही ओघळलं.

अहलामने वास ओळखला. तिने डोळे मिटले. रडली नाही. मावशीचे ओले हात तिने आपल्या दोन्ही हातांत धरले आणि म्हणाली, "आत्या, हेच घेतलंत."

"हेच," मावशी म्हणाली. "दुसरं कुठलं घेणार होते?"

क्षणभर मला वाटलं, जमलं. झुवैनाची बहीणसुद्धा डोक्यावरच्या रुमालाने डोळे पुसत होती.

लुजैन माझ्या मागे बसून हलव्यातले बदाम काढत होती. ती उठली. नाक वर करून तिने एकदा वास घेतला. मग आईकडे बघितलं, हिरव्या झग्याकडे, ओल्या केसांकडे. आणि "बाबा!" असं ओरडून ती दाराकडे धावली.

कुणाला काही कळायच्या आत तिने दोन्ही हातांनी कडी सरकवली आणि ती पायरीवर गेली. बाहेर मामाची गाडी होती. ती गाडीपर्यंत गेली, आत बघितलं आणि परत आली. चपलांच्या ढिगात तिने बघितलं. मग पायरीवरच बसली.

"लुजैन, आत ये," अहलाम म्हणाली.

"बाबा गाडी लावतायत," लुजैन म्हणाली. "मी इथे बसते."

"बाळा, बाबा नाहीत."

"आहेत. तू लावलंस ना."

जूनमध्ये सगळ्यांनी तिला समजावलं होतं, अल्लाकडे गेले म्हणून. तिने ऐकून घेतलं होतं, कधी काही विचारलं नव्हतं. आम्हाला वाटलं पोर समजूतदार आहे. दुकानात आम्ही दोघी अर्धा तास दोन बाटल्या घेऊन बसलो होतो. अहलामला काय वाटेल, झुवैनाला काय वाटेल, सगळा विचार झाला होता. या चिमुरड्या नाकाचा विचार आमच्या मनात आलाच नव्हता.

मावशी धावत पायरीवर गेली आणि तिला उचलायला वाकली. तिच्या हातांनाही तोच वास होता. लुजैनने तिचे हात हुंगले आणि आनंदाने विचारलं, "आजी, तू पण भेटलीस त्यांना?"

मावशी तिथेच खाली बसली.

*

अहलाम मागच्या नळाखाली मान धूत होती. साबण, पाणी, पुन्हा साबण. मी टॉवेल घेऊन उभी होते. केसांतून वास निघाला, मानेवरून थोडा निघाला, झग्यातून निघेना. ती आत गेली, झगा बदलून जुने साधे कपडे घालून आली. हिरवा झगा तिने बादलीत बुडवून ठेवला.

मावशी अंगणात आली. समोर उभी राहिली, पण जवळ येईना.

"अहलाम, मला माहीत नव्हतं," ती म्हणाली. "देवाशपथ. मी फक्त तुझ्यासाठी..."

"मला माहीत आहे आत्या."

"उद्या विसरेल ती. लहान आहे. मी बाटली फेकून देते. घरात काही वास ठेवत नाही. तू म्हणशील तसं करू."

अहलामने बादलीतला झगा पाण्याखाली दाबला. मग म्हणाली, "सकाळी आईला मी फोनवर सांगितलं होतं की मी येत नाही. बालवाडीचं वर्ष संपेपर्यंत इथेच राहते म्हटलं. म्हणून ती स्वतः आली, माझं मन वळवायला. अत्तर लागलं की सगळ्यांसमोर तुम्हाला सांगणार होते."

मावशी दोन पावलं पुढे आली.

"मला नाही सांगितलंस," ती म्हणाली.

"तुम्ही कुठे विचारलंत? चार महिने तुम्ही माझ्याशी जेवणाबद्दल बोललात. मला वाटलं, तुम्हालाच नकोय आम्ही. बघून त्रास होतो म्हणून."

"मी शुक्रवार धरून बसले होते गं! बुधवारी बोलणार होते!"

"आता नाही आत्या," अहलाम म्हणाली. "तिकडे बघा."

उघड्या दारातून पायरी दिसत होती. झुवैना लुजैनच्या शेजारी बसून तिला काही सांगत होती. लुजैन तिचं ऐकत नव्हती. रस्त्याच्या वळणाकडे बघत होती. एक पांढरी गाडी वळली की उठायची, गाडी पुढे गेली की बसायची.

"इथे राहिले तर ती रोज तिथे बसेल," अहलाम म्हणाली. "मला बघवणार नाही. तुम्हालाही नाही बघवणार."

मग मावशीने जे केलं ते आजही आठवलं की मला मान खाली घालावीशी वाटते. ती तडक झुवैनाकडे गेली आणि म्हणाली, "मलाही घेऊन चल. नोकरी सोडते. तुझ्या बकऱ्या बघीन, भांडी घासीन. कोपऱ्यात पडून राहीन. तुझ्या जावयाच्या आईला जागा नाही का तुझ्या घरात?" हीच ती बाई, जी बसमधून उतरणाऱ्या मुलींच्या बापांना भर रस्त्यात झापायची, जिच्या आवाजाला शाळेचा पहारेकरी वचकून असायचा.

झुवैनाने तिला मिठी मारली. टोमणा नाही, काही नाही. दोघी पायरीवर रडल्या. पण हो म्हणाली नाही. कशी म्हणणार? घर तिच्या मुलांचं होतं, सुनांचं होतं. आणि तिथे उद्या अहलामसाठी दुसरा माणूस येणार होता, त्याच्यासमोर पहिल्याची आई कशी बसवणार?

सूर्य खाली गेला होता. अंगणात आणखी दोन बॅगा आल्या. लुजैन गाडीत बसायला तयार नव्हती, मामाने उचलून बसवली. "बाबा आले की त्यांना सांग मी इब्राला आहे," ती काचेतून आजीला ओरडून म्हणाली. मावशीने मान हलवली. हो म्हणाली.

अहलाम शेवटी बसली. काच खाली करून तिने मावशीला जवळ बोलावलं.

"शुक्रवारी सकाळची बस इब्राला दहाला पोचते," ती म्हणाली. "या. दर शुक्रवारी या. आईशी मी बोलते. फक्त, आत्या, अंगाला काही न लावता या. हातांनासुद्धा वास नको. तिला पुन्हा दारात नाही बघायचं मला."

"नाही लावणार," मावशी म्हणाली. "कधीच काही लावत नव्हते मी. याच आठवड्यात येऊ ना? या शुक्रवारी?"

"या शुक्रवारी या."

गाडी वळणाआड गेली तशी मावशी लगबगीने मागच्या नळापाशी आली. मी घरी जायला निघाले होते, तिने थांबवलं. स्वयंपाकघरातून तिने वाळलेली लिंबं आणली, ओली लिंबं आणली, भांड्यांची पावडर आणली. बाह्या कोपरापर्यंत सारल्या आणि हात घासायला बसली. बाहीलाही वास होता, म्हणून बाही घासली. मग अंगातला झगाच काढून बादलीत टाकला आणि आतल्या कपड्यांवर बसून घासत राहिली. हात लाल झाले.

"सोमवार, मंगळवार, बुधवार, गुरुवार," ती म्हणाली. "तेवढ्यात जाईल ना? तूच म्हणालीस, दोन-तीन दिवस."

"कातडीवरचा लवकर जातो, मावशी. उद्यापर्यंत जाईल."

"नक्की? हे बघ." तिने ओले हात माझ्या नाकापुढे धरले. "सांग. येतोय?"

मी हुंगले. लिंबाचा वास होता, साबणाचा होता, आणि खाली, अगदी खाली, कस्तुरी होती.

"येतोय," मी म्हणाले.

तिने दुसरं लिंबू कापलं.